चार मनुका

"ठेव. ठेव म्हणते ना तो ट्रे खाली!"

मोठ्या बाई दारातूनच ओरडल्या, आणि बाईंचा आवाज म्हणजे काही साधासुधा आवाज नव्हे. चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती अजून परत आलेली नाहीत. माझ्या हातात प्रभुभोजनाचा ट्रे. त्याला चाळीस भोकं, चाळीस भोकांत चाळीस काचेचे पेले, अंगठ्याएवढाले. उकळत्या पाण्यातून काढलेले, पांढऱ्या फडक्यानं एकेक करून पुसलेले. बारा वर्षं हे काम माझं. शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, की झाला द्राक्षारस. बारा वर्षांत एक पेला फुटला नाही. त्या दिवशीही फुटला नाही. ट्रे मी फूल ठेवावं तसा ठेवला.

"हात दाखव."

दाखवले. उलटे, सुलटे. उजव्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरे डाग. कोड. वर्षापूर्वी तांदळाच्या दाण्याएवढं होतं, आता दुधात हात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं.

"हे असले हात प्रभूच्या ताटाला लावतेस?"

फुलं लावायला आलेल्या तीन बायका तिथं उभ्या होत्या. तिघींनाही अचानक फुलांत खूप काम निघालं. बाईंनी ट्रे उचलला. पदरानं उचलला, चुलीवरचं तापलेलं पातेलं उचलतात तसा. त्यातल्या एकीच्या हातात देऊन म्हणाल्या, औषधाचं पाणी घालून परत धू. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बरी हो, मग ये."

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हे लागत नाही, पसरलं तर तुमच्याच अंगावर पसरेल, दुसऱ्याला काही होत नाही. मी बाईंना तेही सांगितलं. बाई ऐकून घेणाऱ्या नाहीत. बाई रिटायर्ड हेडमास्तर. शाळेत विज्ञान शिकवायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी प्रभुभोजनाचा ट्रे बाकांवरून फिरत फिरत माझ्या पुढच्या बाकापर्यंत आला आणि वळला. माझ्यासाठी वेगळी स्टीलची वाटी होती. त्यात घोटभर द्राक्षारस. आदल्या दिवशी मीच उकळलेला.

वाटी मी घेतली. प्यायले. हे लपवत नाही.

आमचं गाव बेलापूर आणि नेवासा यांच्या मधे कुठं तरी आहे. नाव सांगत नाही, मंडळी चिडतात. गावाबाहेर मिशनचं जुनं कंपाउंड, त्यात चर्च, चर्चमागे बंद पडलेलं मुलींचं बोर्डिंग. ख्रिस्ती आम्ही सगळेच. पण बंगल्यातले वेगळे, वाडीतले वेगळे. बंगल्यातल्यांचे आजोबा मास्तर, पणजोबा पाळक. आमचे आजोबा त्या मास्तरांच्या घरचं पाणी भरणारे. मोठ्या बाई बंगल्यातल्या. मंडळीच्या सगळ्यात जुन्या पंच. पाळकसाहेब येतात, बदलून जातात. बाई जात नाहीत. सध्याचे पाळकसाहेब तरुण आहेत, गोड बोलतात, आणि बाई खोकल्या की उभे राहतात.

तर मला बरं व्हायचं होतं. दर शुक्रवारी चर्चमध्ये चंगाईची प्रार्थना असते. मी चेष्टा करत नाही. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिच्यावर हात ठेवून वाडीतल्या बायकांनी रात्रंदिवस प्रार्थना केली आणि ती उठून चुलीपाशी बसली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी गेले. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ताई, आधी पाप कबूल करा, मग क्षमा, मग चंगाई. क्रम चुकला की काम होत नाही.

आता आली का पंचाईत. पाप आणायचं कुठून? म्हणजे माझ्याकडे पापं नव्हती असं नाही. पण ती बारीकसारीक. एवढ्या मोठ्या कोडाला पुरेल असं पाप पाहिजे.

मग मी रचलं. रचणं हा माझा धंदाच आहे. वाडीत कुणाकडे बारसं असो की मयत, मला बोलावतात ते बोलायला. मी म्हणाले, सासूच्या कालवणात मी मुद्दाम जास्त मीठ घातलं, एकदा नव्हे, सात वर्षं. लोकांनी "प्रभू दया कर" म्हटलं. पुढच्या शुक्रवारी म्हणाले, शेजारणीची कोंबडी मी मारली, रस्सा केला, आणि वर तिलाच एक वाटी नेऊन दिली. तिनं बोटं चाटली. शेजारीण समोरच बसलेली. ती उठून कोंबड्या मोजायला घरी गेली. तिसऱ्या शुक्रवारी चर्च गच्च. चौथ्या शुक्रवारी पलीकडच्या गावची मंडळी टेम्पो करून आली. माणसं खिडक्यांना लोंबकळत होती म्हटलं तरी चालेल. पाळकसाहेब खूश. दानाची पिशवी फुगली. डागही वाढले. आता डाव्या हातालाही आले.

पाचव्या शुक्रवारी मी एक भलं मोठं पाप जुळवून आणलं होतं, त्यात एक बैलजोडी आणि एक तलाठी होता. तोंड उघडणार तोच मोठ्या बाई पुढच्या बाकावरून उठल्या.

"बास. हे सगळं खोटं आहे. ही लहानपणापासून खोटारडी. वाडीतल्यांच्या हाताची आणि तोंडाची सवय जात नाही. खरं पाप पोटात ठेवलंय, म्हणून हात बरा होत नाही." मग माझ्यापुढं येऊन हनुवटीला धरलं आणि म्हणाल्या, "तोंड उघड."

सगळी मंडळी बघत होती. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. दोन मुलींची लग्नं केलेली.

तोंड उघडलं नाही. उघडलंच नाही. दातखीळ बसली. कारण हेच दोन शब्द, याच बाई, हीच हनुवटी. फक्त तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

तेव्हा बाई बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट होत्या. शनिवारी प्रभुभोजनासाठी मनुका यायच्या, आणि देठ काढायला आम्ही वाडीतल्या मुली बसायचो. बाईंचा एक नियम होता. देठ काढताना गीत म्हणत राहायचं. थांबायचं नाही. गाणारं तोंड खात नाही, असं बाईंचं गणित. जिचा आवाज बंद, तिच्याकडे बाईंचं लक्ष.

आमच्या पोटात तेव्हा सकाळची भाकरी आणि डाळीचं पाणी. समोर परातभर मनुका. मी काय करावं? गालात मनुका धरून गायला शिकले. कडव्याच्या शेवटी सूर लांबवायचा आणि त्या लांबलेल्या सुरात एकदा चावायचं. बाईंनी माझं कौतुक केलं होतं, ही मुलगी सूर किती छान लांबवते म्हणून.

माझ्या शेजारी मार्था. जामखेडकडची, ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांची पोर. आईबाप कारखान्यावर, ही बोर्डिंगात. मुकी नव्हती, पण तिला गाता यायचं नाही. सूर लागला की मुली हसायच्या. म्हणून ती नुसते ओठ हलवायची.

काळ्या मनुकेत बी असते. त्या बिया मी पायाशी थुंकायचे. माझ्या नव्हे, तिच्या पायाशी. मुद्दाम का, आठवत नाही. मुद्दामच असेल.

बाईंना बिया सापडल्या. आम्हाला अंगणात निंबाखाली रांगेत उभं केलं. बाईंच्या हातात बॅटरी. एकेकीची हनुवटी वर करायची, "तोंड उघड," आणि जिभेवर उजेड टाकायचा, काळी आहे का बघायला. ढोरांचे दात बघतात बाजारात तसं. बंगल्यातल्या मुली गॅलरीत उभं राहून बघत होत्या. त्यांना देठ काढायला कधी बसवलं नाही. त्यांची जीभही कधी बघितली नाही.

माझी पाळी आली. तोंड उघडलं, आणि जिभेऐवजी गोष्ट बाहेर आली. म्हणाले, बाई, मी बघितलं. मार्थानं खाल्ल्या. ती आधी हात जोडायची, वर आभाळाकडे बघायची, आम्हाला वाटायचं प्रार्थना करती, आणि तशीच वर बघत बघत मनुका तोंडात टाकायची. पुसलं की म्हणायची, येशूचंच हाय, येशूच्याच पोटात चाललंय.

नऊ वर्षांच्या पोरीनं जागच्या जागी रचलेलं. इतकं खरं वाटलं की दोन मुली म्हणाल्या, व्हय बाई, आम्हीपण बघितलं.

मार्थाची जीभ बाईंनी बघितलीच नाही. ती गात नव्हती हे बाईंना पुरेसं होतं. तिला दोन लांब वेण्या होत्या, तिची आई सणाला यायची तेव्हा तेल लावून घालून जायची. बाईंनी शिवणकामाची कात्री आणली. निंबाखाली, सगळ्यांसमोर, दोन्ही वेण्या मुळापासून. म्हणाल्या, आता दर सकाळी आठवण राहील. संध्याकाळच्या गाडीनं तिला टोळीत परत पाठवलं. तिची शाळा तिथंच संपली.

त्या दिवसापासून मी बोलतच सुटले. जिभेखाली एक बी अडकल्यासारखं वाटायचं. बोलत राहिलं की जाणवायचं नाही.

तर अशी दातखीळ बसून मी त्या शुक्रवारी घरी आले. बाईंचा मला राग आला होता. असा राग की त्यावर भाकरी भाजली असती. प्रार्थनेला गुडघे टेकले. नेहमी माझी प्रार्थना म्हणजे सजवलेली बैलगाडी, घुंगरं, गोंडे, सगळं. त्या दिवशी एकच वाक्य आलं. देवा, चार मनुका. पुढं काही सुचेना. तेवढंच म्हणत पहाट झाली.

सकाळी एसटी धरली. नगरला उतरले, जामखेडची गाडी पकडली, पुढं जीपनं गेले. मार्थाचं सासर कुठं आहे हे मला माहीत होतं. ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांकडून एकोणचाळीस वर्षं तिची खबर कानावर येत होती. तरी गेले नव्हते.

ती दारात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी आधी तिची वेणी बघितली. शेपटीएवढी, पांढरी. तिनं माझे हात बघितले. बस म्हणाली. मी समोर बसून शेंगा सोलायला लागले. मुगाच्या दोन ओंजळी झाल्या. रचून आणलेलं सगळं नगरच्या स्टँडवरच कुठं तरी सांडलं होतं.

"मनुका मी खाल्ल्या हुत्या," मी म्हणाले.

तिचा हात थांबला नाही. "किती?"

"चार."

तिनं पुढची शेंग घेतली. सोलली. दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मला वाटायचं, म्याच खाल्ल्या."

मला कळेना.

"तू असं सांगितलंस गं, असं सांगितलंस, का मलाच दिसाया लागलं. हात जोडती, वर बगती, तोंडात टाकती. टोळीत गेल्यावर बानं इचारलं, खाल्ल्या का? म्या म्हनलं, व्हय. मंग त्यानं मारलं." तिनं आणखी एक शेंग सोलली. "दर नाताळाला म्या देवाकडं त्याची माफी मागत आली."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांगितल्या. लोक हसले, रडले, टेम्पो करून आले. माझी सगळ्यात चांगली गोष्ट ही. जिच्यावर रचली, तिलाच खरी वाटली. मी न केलेली पापं चर्चमध्ये मजेनं कबूल करत होते, आणि ही, न केलेलं पाप, उसाच्या फडात, पालात, पाठीवर पोर बांधून, खरंच कबूल करत होती.

मी तिच्या पायाला हात लावला. म्हणाले, माफ कर.

"हितं कोन ऐकतंय? कोंबड्या?" तिनं पाय मागे घेतला. "माजे केस काढले तिथं बोल. त्या बाईम्होरं बोल. मंग बगू."

महिन्याचा पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा. आदल्या दिवशी मार्था आली, एक पिशवी घेऊन, माझ्याकडे उतरली. चर्चमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. बाईंनी तिला ओळखलं नाही.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब दर वेळी विचारतात, कुणाचं कुणाशी काही वाकडं असेल तर आधी मिटवा, मग या मेजाकडे या. विचारायचं म्हणून विचारतात. त्या चर्चच्या भिंती उभ्या राहिल्यापासून कुणी उठलेलं नाही.

मी उठले.

लोकांनी माना वळवल्या. कोंबडीवाली शेजारीण पुढं सरकून बसली. त्यांना वाटलं, आज काही तरी मोठं आहे.

मी म्हणाले, मी नऊ वर्षांची होते. बोर्डिंगात मनुका मी खाल्ल्या. चार. बिया मार्थाच्या पायाशी टाकल्या. नाव तिचं घेतलं. तिची शाळा माझ्यामुळं गेली. ती ही बसली आहे. एवढं माझं पाप, आणि ते खरं आहे.

बास. मला नंतर कुणी तरी सांगितलं, तुमचं आजचं काही रंगलं नाही.

मग मी मोठ्या बाईंकडे बघितलं. म्हणाले, "बाई, एका पोरीला न विचारता तिचे केस तुम्ही कापले. आमच्या तोंडात बॅटरी तुम्ही मारली. ते पाप तुमचं. ते मी कबूल करू शकत नाही."

बाई पुढच्या बाकावर ताठ. मान हलली नाही.

मी चालत मेजापाशी गेले. माझी स्टीलची वाटी तिथं होती. ती पालथी घातली. आणि ट्रे उचलला. या हातांनी, पदराशिवाय.

"डाग गेले का तुझे?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग ठेव तो खाली."

"न्हाई ठेवत."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना करत होते का लपले होते, ते आणि त्यांचा देव जाणे. मी आधी मागच्या बाकापाशी गेले. मार्थानं पेला उचलला. हळूच म्हणाली, "तुजं झालं. आता तिचं." आणि प्यायली. जिभेखालची बी त्या क्षणी गेली. यात काही वाढवून सांगत नाही. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी काही न बोलता उभी होते, आणि मला बरं वाटत होतं.

मग एकेक बाक. वाडीतल्या बहुतेकांनी घेतलं. काहींनी नाही. बंगल्यातल्या दोघांनी घेतलं, बाकीचे बुटांकडे बघत राहिले. शेवटी बाईंपुढं उभी राहिले. ट्रे त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर धरला. बाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं. पेला घेतला नाही. मी हलले नाही. मंडळीचं गीत संपलं, परत सुरू केलं, परत संपलं. हात भरून आले. मग मी ट्रे मेजावर ठेवला. हळू. एक पेला फुटला नाही.

डाग आहेत. आता कोपरापर्यंत आले. गेले तर देवाचे उपकार, न गेले तरी माझं आणि देवाचं काही वाकडं नाही. शुक्रवारी मी अजून जाते, आईसारखं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याच्यावर हात ठेवते. हेच हात. ज्याला नको त्यानं नको म्हणावं. पापं रचायची मी बंद केली. गोष्टी नाही, फक्त पापं. आणि पहिल्या रविवारी ट्रे माझाच असतो. बाईंपुढं मी दर महिन्याला उभी राहते. गीत दोनदा म्हणून होईपर्यंत. राहणार. त्या असेपर्यंत, नाही तर मी असेपर्यंत. माफी माझ्याकडे तयार आहे. पण पाप कुणाचं ते त्याच्या तोंडून आल्याशिवाय ती मी देणार नाही, आणि स्टीलच्या वाटीत काही घेणार नाही.

त्या पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर पाळकसाहेबांनी आम्हाला निंबाखाली थांबवलं. बाईंना हाताला धरून आणलं. म्हणाले, भगिनींनो, प्रभूनं क्षमा केली, आपणही एकमेकांना करून टाकू, हात मिळवा. मी म्हणाले, साहेब, आम्ही दोघी माफ करायलाच उभ्या आहोत, काय माफ करायचं तेवढं बाईंनी सांगावं.

बाईंनी मार्थाकडे बघितलं. पायापासून केसापर्यंत. मग चष्मा काढून पुसला.

"मला असलं काही आठवत नाही," बाई म्हणाल्या.

मार्थानं पिशवी काखेला मारली. तिला जामखेडची गाडी गाठायची होती.

"माज्या हाय ध्यानात," ती म्हणाली.